बुधवार बंद, गुरुवारी सकाळ

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. भायखळ्याची राणीची बागही बुधवारीच. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि नागपूरचं गोरेवाडा सोमवारी, गोव्यातलं बोंडला गुरुवारी, म्हैसूर मंगळवारी, दिल्ली शुक्रवारी. पुण्यात राहून मुलांच्या आणि कुटुंबांच्या छोट्या सहली काढणाऱ्या एका ताईंना ही यादी तोंडपाठ आहे. त्यांची आखणी तिथूनच सुरू होते. बाग कुठल्या दिवशी बंद हे कळलं, की कुठल्या सकाळी जायचं हे जवळपास ठरतं: बंद दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, दरवाजा उघडायच्या वेळेला.

नाव नोंदवायला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रविवार जमेल का? ताई त्यांना आधी समजावून बघतात. शाळेला एक दिवस दांडी पडली तरी चालेल, ऑफिसात अर्धी रजा टाका, पण गुरुवारी सकाळी साडेनऊला कात्रजच्या तिकीट खिडकीपाशी या. अकराला नाही, दहालाही नाही. काही जण ऐकतात, काही जण ‘बघतो’ म्हणून जातात आणि पुढच्या रविवारी दुपारी एकला मुलांना खांद्यावर घेऊन खंदकाच्या कठड्याशी चारपाच रांगा मागे उभे राहतात. अशा पालकांचा मग संध्याकाळी फोन येतो, की प्राणी काही दिसलेच नाहीत.

आठवड्याची ही सुट्टी बागेच्या मर्जीवर सोडलेली नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेचे जे २००९चे नियम आहेत, त्यांत आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बाग बंद ठेवण्याचं बंधन आहे. त्या दिवशी साफसफाई होते, जाळ्या आणि कुंपणं तपासली जातात, डॉक्टरांना निवांतपणे प्राणी बघता येतात. बऱ्याच ठिकाणी वाघ, सिंह, बिबट्या यांचा आठवड्याचा उपवासही याच दिवशी असतो; जंगलात काही रोज शिकार मिळत नाही, त्याला धरूनच ही पद्धत पडली आहे. आणि एक अख्खा दिवस माणसांचा आवाज नसतो. गुरुवारी सकाळी प्राणी जसे वावरतात तसे रविवारी संध्याकाळी वावरत नाहीत, हे ताई इतक्या वर्षांच्या फिरण्यातून ठामपणे सांगतात.

यातही एक मेख आहे. राणीच्या बागेत बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. म्हणजे ताईंचा लाडका गुरुवार नेमका तेव्हा कुलपात. त्यामुळे नवं कॅलेंडर हातात आलं की त्या आधी बुधवारी येणारे सण शोधतात आणि त्यापुढच्या गुरुवारांवर फुली मारतात. मुंबईला पहाटेच्या गाडीनं निघालेली मंडळी भायखळ्याच्या दारातून परत फिरली, तर मुलांची जी तोंडं होतात ती त्यांनी इतरांच्या सहलींत पाहिली आहेत.

आठवड्याचं झालं, तसं वर्षाचंही एक गणित आहे. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, १ जानेवारी, आणि एप्रिलच्या मध्यापासून जून उजाडेपर्यंतची उन्हाळ्याची सुट्टी, या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागेत शांतता शोधू नये. १ जानेवारी २०२३ हा रविवार होता. त्या एका दिवसात राणीच्या बागेत तीस हजारांच्या वर माणसं येऊन गेली. कोलकात्याच्या अलीपूर बागेचीही नाताळ आणि नववर्षाला हीच गत असते. नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशीही दहा वाजल्यापासून बसगाड्या लागायला लागतात. शिट्ट्या, दोनदोनच्या रांगा, ‘पुढे चला, पुढे चला’. शाळांचाही नाइलाज असतो, एका दिवसात पाचशे मुलांना सगळं दाखवून अंधार पडायच्या आत घरी पोचवायचं असतं.

ताईंचा स्वतःचा हंगाम शाळा उघडल्यानंतर सुरू होतो. जूनचा उत्तरार्ध, जुलै, ऑगस्टचा सुरुवातीचा भाग. पावसाळ्यात प्राणी काय बघायचे, असं म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत. खरं तर उन्हाळ्यात सावली धरून पडलेले प्राणी याच दिवसांत उघड्यावर येतात. उकाडा गेलेला असतो, गवत वाढलेलं असतं, मोर पिसारा फुलवून नाचतात, चांदणी कासवं हालचाल करायला लागतात. सांबरांच्या नव्या शिंगांवर या सुमारास मखमली लव असते. ती शिंगं अजून वाढत असतात, त्यांत रक्त खेळत असतं, हे मुलांना समोर दाखवून सांगता येतं. सोबत छत्री नको, रेनकोट हवा, असा ताईंचा आग्रह असतो. छत्र्या उघडल्या की मागच्यांना दिसत नाही, आणि हरणांचे कळप फडफडणाऱ्या छत्रीला बिचकतात.

पुण्यातल्या जुन्या पिढीच्या आठवणीत पेशवे पार्क आहे. सारसबागेशेजारचं ते प्राणिसंग्रहालय १९५३ सालचं. मुलांची छोटी आगगाडी, फुलराणी, त्यानंतर १९५६ला आली. तिथे पिंजरे होते, त्यामुळे वाघ दिसणार म्हणजे दिसणारच, गजांपलीकडे काही हातांवर. पुढे प्राणी कात्रजला हलवले गेले आणि १९९९मध्ये नवं प्राणिसंग्रहालय खुलं झालं. त्याचा पसारा सुमारे १३० एकरांचा आहे आणि त्यातले बेचाळीसेक एकर तलावाचेच आहेत. तिथे खंदकाआड मोठमोठी मोकळी आवारं आहेत, त्यांत झाडं, झुडपं, दगड, पाणी. आजोबा नातवाला घेऊन येतात आणि हळहळतात, आमच्या वेळी कसा वाघ समोर दिसायचा! ताईंना या तक्रारीबद्दल आपुलकी वाटते, पण त्या तिथे ठाम असतात. नव्या आवारात वाघाला लपायला जागा आहे, ही त्या आवाराची सगळ्यात चांगली गोष्ट. त्याला वाटलं तर तो झुडपामागे जाऊन पडेल. मग आपल्याला थांबावं लागतं, आणि थांबायचं तर मागून कोणी ढकलता कामा नये. गर्दी टाळायचं खरं कारण हे आहे. तिकिटाच्या रांगेतली दहा मिनिटं वाचणं हा वरचा फायदा.

प्राण्यांच्या दिवसाला एक ठरलेली लय असते, आणि बागेत ती कीपर लोकांच्या हातात असते. रात्री वाघ-बिबटे मागच्या बंद खोल्यांत असतात. सकाळी त्यांना आवारात सोडतात. बाहेर आल्या आल्या वाघ आवाराची फेरी मारतो, झाडांच्या बुंध्यांचा वास घेतो, शेपटी उचलून फवारा मारतो, खोडावर नखं ओढतो. रात्रभरात काय बदललं याची ही त्याची पाहणी असते. ऊन चढलं की फेरी संपते, तो सावलीत नाहीतर पाण्यात बसतो आणि दुपारभर तिथून हलत नाही. मांजरकुळातले प्राणी एरवीही दिवसाचा बराच वेळ झोपूनच काढतात. म्हणजे बारा वाजता आलेल्या माणसाला जो आळशी वाघ भेटतो, तो दोन तासांपूर्वी आपलं काम उरकून बसलेला असतो.

संध्याकाळी उलटं होतं. पाचच्या सुमाराला वाघ मागच्या दाराजवळ येरझाऱ्या घालायला लागतो, एकाच रेषेत, त्याच जागी वळून. प्रेक्षक खूश होतात, बघ कसा फिरतोय! ताई मुलांना दाराकडे बघायला सांगतात. आतून बादलीचा आवाज येतो, त्याचे कान तिकडे वळतात. त्याच्या जेवणाची वेळ झालेली असते आणि मांस त्याला आतच मिळणार असतं. मुलं हे एकदा ओळखायला शिकली, की दुसऱ्या प्राण्यांतही शोधायला लागतात: कोण फिरतंय, कोण वाट बघतंय, आणि कोण नुसतंच कंटाळून मान डोलवतंय.

अस्वलाचा किस्सा ताई फार रंगवून सांगतात, आणि तो रंगवण्यासारखाच आहे. अस्वलाला वरच्या ओळीतले मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. आधी जोरानं फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटून घेतं, मग ओठांचं नळकांडं करून आत ओढतं. हा ओढण्याचा आवाज जंगलात बराच लांबून ऐकू येतो. एका पावसाळी सकाळी कात्रजला कीपरनं भोकं पाडलेल्या ओंडक्यात मधासारखं काहीतरी चिकट घालून ठेवलं होतं. अस्वल आलं, ओंडक्यावर बसकण मारली, नाक भोकाला लावलं. कठड्याशी ताईंचा गट सोडला तर कोणी नव्हतं. आधी फुस्स, मग सुर्र असा लांबलचक आवाज. एका मुलीनं कुजबुजत विचारलं, ‘स्ट्रॉनं पितंय का?’ बाकीची मुलं हसली, आणि ती हसली तसं अस्वलानं मान वर करून बघितलं. मुलं आपोआप गप्प झाली आणि सुर्र पुन्हा सुरू झालं. रविवारच्या कोलाहलात अस्वल दिसलं असतं, पण ते काय करतंय हे कोणालाच कळलं नसतं, कारण त्यातली अर्धी गोष्ट कानानं कळायची होती.

मगरींची वेळ निराळी. त्यांना सकाळी साडेनऊला गाठण्यात अर्थ नसतो, निदान थंडीत तरी. मगरीचं अंग बाहेरच्या उन्हावर तापतं, म्हणून डिसेंबरात ऊन चांगलं वर आल्यावर त्या पाण्याबाहेर येऊन पसरतात, काही जबडा उघडा टाकून. मे महिन्यात हेच दृश्य भल्या सकाळी उरकून जातं आणि दुपारी पाण्यावर नुसती दोन नाकपुड्यांची टोकं राहतात. त्यामुळे ताईंच्या कागदावर थंडीचा क्रम आणि उन्हाळ्याचा क्रम वेगळा असतो: थंडीत आधी वाघ-अस्वल आणि मग मगरी-साप, उन्हाळ्यात मगरी लवकर.

राणीच्या बागेत आखणीचा सगळा पेच पेंग्विनभोवती आहे. २०१६मध्ये दक्षिण कोरियातून हंबोल्ट पेंग्विन आले आणि मार्च २०१७मध्ये त्यांचा कक्ष लोकांना खुला झाला. तेव्हापासून बागेत शिरलेलं प्रत्येक कुटुंब आधी तिकडे वळतं. ताई मुद्दाम दुसरीकडे वळतात. पेंग्विनच्या कक्षात वर्षभर सोळा ते अठरा अंश तापमान राखलेलं असतं. बाहेर भायखळ्यात घाम निथळत असो की मुसळधार कोसळत असो, पेंग्विन सकाळी जसे पोहतात तसेच दुपारीही पोहतात. वाघाचं तसं नाही. म्हणून सकाळचा मोलाचा तास उघड्यावरच्या प्राण्यांना द्यायचा. आधी वाघ, पाणघोडा, बिबट्या, आणि मग २०२०मध्ये खुलं झालेलं मोठं पक्षीघर, ज्यात माणूस आत चालत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. तिथे आपल्याखेरीज दहाच माणसं असली तर करकोचे पायवाटेच्या जवळ उतरतात. शंभर असली तर सगळे वरच्या फांद्यांवर. पेंग्विन मागाहून, लोक डबे उघडून बसतात त्या वेळेला. तेव्हा काचेसमोर पुरेशी जागा मिळते.

आणि मधे झाडं. राणीची बाग १८६२ साली खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून, प्राणी नंतर आले. गोरखचिंचेचा तो अवाढव्य बुंधा, फुलांनी लगडलेली उर्वशी, हे बघायला रांग कधीच नसते. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. दमलेल्या मुलांना ताई तिथे नेतात. या हत्तीला हात लावायची परवानगी नसली तरी मनसोक्त न्याहाळता येतो, आणि ज्याच्यावरून घारापुरीला परदेशी लोकांनी एलिफंटा म्हटलं तो हाच, हे ऐकून मुलं त्याच्याभोवती फेऱ्या मारतात.

काही वर्षांपूर्वी स्वमग्न मुलांच्या पालकांचा एक गट ताईंकडे आला, आणि तेव्हापासून या आखणीला वेगळंच वजन आलं. एरवी गर्दी ही गैरसोय असते. या मुलांसाठी ती बंद दार असते. लाउडस्पीकरवरची सूचना, शिट्टी, अंगाला घासून जाणारी माणसं, यातलं काहीही पुरतं आणि सहल तिथेच संपते. ताई आधी एकट्या जाऊन आल्या. कुठे लाउडस्पीकर आहे, कुठली स्वच्छतागृहं स्वच्छ आणि रिकामी असतात, वाटेत बसायला बाक किती अंतरावर आहेत, बॅटरीवरची गाडी कुठे मिळते, हे सगळं लिहून त्यांनी पालकांना फोटोंसकट पाठवलं. काय दिसणार हे मुलांना आधीच माहीत असलं की ती घाबरत नाहीत. बघायचे प्राणी मोजकेच ठरवले. त्यातला एक मुलगा कानांवर हात ठेवूनच आत आला. कासवांच्या आवारापाशी थांबला आणि पुढे यायला तयार होईना. ताईंनी त्याच्या आईला सांगितलं, इथेच बसू या. तो कासवाच्या पाठीवरच्या चांदण्या बोटानं हवेत गिरवत राहिला, आणि थोड्या वेळानं त्याचे हात कानांवरून खाली आलेले होते. बाकी काहीच बघायचं राहिलं तरी त्या आईला त्याची खंत नव्हती.

माणसांच्या गोंगाटाचा त्रास प्राण्यांनाही होतो, याचा आपल्याकडे अभ्यास झालेला आहे. अवंती मल्लापूर, अनिंद्य सिन्हा आणि नताली वॉरन यांनी भारतातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या सिंहपुच्छ माकडांचं निरीक्षण केलं आणि २००५ साली ते प्रसिद्ध केलं. प्रेक्षक समोर असताना या माकडांच्या वागण्यात विकृत लक्षणं वाढलेली त्यांना आढळली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं आणि आवाज करून त्रास देणं याला बंदी आहे, ही गोष्ट ताई निघण्यापूर्वी बसमध्ये मुलांना सांगतात. मुलं ती इतकी मनावर घेतात, की ‘ए वाघ, ऊठ!’ म्हणून ओरडणाऱ्या अनोळखी काकांनाही जाऊन सांगतात. काका बहुतेक वेळा ओशाळतात आणि गप्प बसतात.

एवढं सगळं असूनही गर्दीला नावं ठेवणं ताईंना आवडत नाही. ज्यांना आठवड्याला एकच सुट्टी मिळते, ती माणसं रविवारीच येणार. राणीच्या बागेचे दर २०१७मध्ये वाढवले गेले, तेव्हाही आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबासाठी शंभर रुपयांचं तिकीट ठेवलं होतं. मुंबईत चौघांना शंभर रुपयांत सबंध दिवस आणखी कुठे घालवता येतो? रजा टाकून गुरुवारी जाता येणं ही चैन आहे, आणि ताईंची बहुतेक गिऱ्हाइकं ती चैन परवडणारी आहेत. याचा विचार त्यांच्या मनात बरेच दिवस चालला होता. शेवटी त्यांनी रविवारवाल्यांसाठी वेगळी आखणी केली. ती त्या पैसे न घेता कोणालाही देतात: सोसायटीच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, स्वयंपाकाच्या मावशींना.

त्यात लिहिलेलं असतं ते असं. सुट्ट्यांचे महिने सोडा, जुलैतला रविवार धरा. क्रिकेटचा मोठा सामना असेल तो रविवार सगळ्यात उत्तम. शक्य असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा, नाहीतर दार उघडायच्या वीस मिनिटं आधी खिडकीपाशी असा. आत गेल्यावर पहिल्या आवारापाशी थांबू नका, कारण सगळे तिथेच थांबतात. सरळ बागेच्या दूरच्या टोकाला चालत जा आणि तिथून दाराकडे बघत बघत या. सगळे प्राणी बघायचा हट्ट धरू नका, घरून पाचसहा ठरवून निघा. एका प्राण्यापाशी निदान पंधरा मिनिटं. साडेबाराला बाहेर.

स्वयंपाकाच्या मावशी गेल्या पावसाळ्यात दोन्ही मुलांना घेऊन कात्रजला अशाच जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, सिंह दिसला का? मावशी म्हणाल्या, दिसला की, पण धाकट्यानं मगरीपासून हलायलाच नकार दिला, तिनं डोळा मिटला का उघडा आहे यावर दोघा भावांची भांडणं झाली, त्यात हत्ती राहूनच गेला. आता मुलांना पेंग्विन बघायचेत. मावशींना दिवाळीत रजा आहे, पण ताईंनी त्यांना दिवाळी नको म्हणून सांगितलंय. त्यापेक्षा शाळा सुरू झाल्यावरची एखादी मधली रजा त्या दुसऱ्या घरी मागून बघणार आहेत. पहाटेची गाडी कुठली, दादरला उतरून भायखळ्याची धीमी लोकल कुठल्या प्लॅटफॉर्मवर मिळते आणि स्टेशनातून पूर्वेच्या बाजूनं कसं बाहेर पडायचं, हे ताई त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून देणार आहेत.